ठाय लयीतले शहर : ह्यूस्टनच्या करड्या कॅसेट्स

टेपरेकॉर्डरमधले सेल उतरू लागले की गाणाऱ्याचा आवाज जड होत जातो, हा अनुभव माझ्या पिढीतल्या बहुतेकांना आहे. आम्ही हसायचो आणि सेल काढून उन्हात ठेवायचो. ज्याला आम्ही बिघाड समजत होतो, त्यातूनच कुणी एक कलारीती उभी केली आहे, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या डीजे स्क्रूच्या ध्वनिफिती ऐकल्या तेव्हा. त्या ऐकून मनात आलेला प्रश्न या लेखात मांडतो आहे : मंद लय ही गुंगी असते की ऐकण्याची एक पद्धत?

रॉबर्ट अर्ल डेव्हिस हे त्याचे खरे नाव, जन्म 1971चा, बालपण स्मिथव्हिल या लहान गावातले. नव्वदच्या दशकात ह्यूस्टनच्या दक्षिण भागातल्या आपल्या घरी तो रात्र रात्र बसून मिश्रणे तयार करी आणि ती करड्या रंगाच्या, 100 मिनिटांच्या मॅक्सेल कॅसेट्सवर उतरवी. विक्री घराच्या फाटकातून होई. मोटारींच्या रांगा इतक्या लागत की इथे अमली पदार्थांचा व्यापार चालतो, असा पोलिसांना संशय आला. 1998मध्ये त्याने रीतसर दुकान काढले. त्याच्या मिश्रणांची संख्या तीनशेहून अधिक भरते. मूळ गाण्यांची परवानगी घेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे हे सारे संगीत व्यवसायाच्या मुख्य रस्त्यापासून दूर, हातोहात फिरत राहिले.

त्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय टीका करणे व्यर्थ आहे. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावायच्या. दुसरी पहिलीच्या एक ठोका मागे ठेवायची. मग हात इकडून तिकडे नेत एखादा शब्द दोनदा, एखादी ओळ अर्धीच ऐकवायची. हे झाले कापणे. तयार झालेले मिश्रण पुन्हा फोर-ट्रॅक यंत्रावर मंद करायचे, साधारण मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांपर्यंत. तबकडी किंवा फीत मंद केली की केवळ लय उतरत नाही, स्वरही उतरतो. वेग निम्मा केला तर स्वर एक सप्तक खाली जातो.

इथे मराठी वाचकाला विलंबित ख्यालाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मलाही झाली. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ऐकत वाढलेल्या कानाला मंद लयीची भीती वाटत नाही. पण हे साम्य फार ताणू नये. ख्यालात मात्रांमधले अंतर वाढते, गायकाचा कंठ त्याचाच राहतो, आणि त्या मोकळ्या जागेत तो नवे काही भरतो. स्क्रूच्या फितीत नवे काही भरले जात नाही. जे होते तेच फुगते. शब्दाआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, झांजेचा आवाज विरताना दिसावा तसा विरतो, आणि फुशारकी मारणाऱ्या तरुण रॅपरचा आवाज एकाएकी थकलेल्या प्रौढाचा वाटू लागतो. शब्द तेच, पण बोलणाऱ्याचे वय बदलते. म्हणून मी याला भाष्य म्हणतो. दुसऱ्याच्या कृतीत एक अक्षरही न घालता तिचा अर्थ बदलणे हे समीक्षकाचेच काम आहे.

गुंगीचा आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध शीतपेयात मिसळून पिण्याची चाल त्या मंडळींत होती, गाण्यांत तिचे गोडवे आहेत, आणि 16 नोव्हेंबर 2000 रोजी, वयाच्या 29व्या वर्षी, स्क्रू गेला त्यातही कोडीनच होते. काही गीतांतला स्त्रियांविषयीचा सूर मला आजही ऐकवत नाही. तरीही औषधामुळे लय मंद झाली, हे स्पष्टीकरण मला आळशी वाटते. एक ठोका मागे ठेवलेली तबकडी शंभर मिनिटे सांभाळणे हे झिंगलेल्या हाताचे काम नव्हे. ह्यूस्टन हे पसरट, उष्ण, मोटारीवाचून पाय न हलणारे शहर आहे. ही फीत मोटारीतल्या मोठ्या स्पीकरवर, संथ फेरफटक्यात ऐकण्यासाठी होती. तिची लय शहराच्या रस्त्यांची आहे. पुढे 2016च्या ‘मूनलाइट’ या चित्रपटात निकोलस ब्रिटेलने हीच रीत वाद्यवृंदाच्या संगीताला लावली. ती औषधावाचूनही तितकीच अर्थपूर्ण ठरली.

माझ्या दृष्टीने या फितींचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. अनेक फिती कुणाच्या तरी वाढदिवसासाठी, कुणाच्या सांगण्यावरून केलेल्या आहेत. 1996ची ‘जून 27’ ही अशीच एका मित्राच्या वाढदिवसाची. तिच्यात बिग मो, बिग पोकी, यंगस्टार आणि इतर मित्र पस्तीस मिनिटांहून अधिक काळ, आयत्या वेळी सुचेल ते, आळीपाळीने म्हणत राहतात. विषय काय? आपली वस्ती, आपला रस्ता, आपले मित्र, आपली मोटार. पहिल्यांदा ऐकताना मी कंटाळलो होतो. मग जात्यावरच्या ओव्या आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतही भावाचे नाव, गावाचे नाव, वाटेचे नाव पुन्हा पुन्हा येते. ज्यांची नोंद कुठलेही दप्तर घेत नाही, त्यांच्यासाठी नाव उच्चारणे हीच नोंद असते. तिथे जाते फिरत होते, इथे तबकडी.

त्या मंडळीतला फॅट पॅट 1998मध्ये गोळीबारात मारला गेला, त्याचा भाऊ बिग हॉक 2006मध्ये तसाच. बिग मो 2007मध्ये गेला, बिग पोकी 2023मध्ये. आज फीत लावली की हे सगळे अजून एकाच खोलीत बसलेले असतात. स्क्रूच्या तबकड्यांचा संग्रह आता ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या फिती पुढे सीडीवर आल्या तेव्हा मालिकेच्या नावात ‘डायरी’ आणि ‘चॅप्टर’ हे शब्द होते. रोजनिशी आणि प्रकरण. नाव अगदी योग्य आहे.

या रोजनिशीत ‘बिग फ्लॉइड’ नावाचा एक आवाज काही ठिकाणी भेटतो. थर्ड वॉर्ड वस्तीतला हा उंचापुरा तरुण म्हणजे जॉर्ज फ्लॉइड. 25 मे 2020 रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली त्याचा जीव गेला, आणि साऱ्या जगाने त्याला त्या शेवटच्या मिनिटांतच पाहिले. श्वास घेता येत नाही, असे सांगणारा माणूस, एवढीच त्याची ओळख उरली. करड्या कॅसेटवर तो विशीतला आहे, मित्रांत उभा आहे, आपल्या वस्तीचे नाव मोठ्याने घेतो आहे. लय इतकी मंद आहे की दोन शब्दांमधला त्याचा श्वास स्पष्ट ऐकू येतो.

सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर तिथे मिळाले. उतरलेले सेल मी आता उन्हात ठेवणार नाही.