मोहरी मागायला गेलेली बाई

समीक्षकाने तटस्थ राहावे, असे मला एम.ए.ला शिकवले गेले आणि पुढे वर्गात मीही तेच सांगत आलो. या लेखापुरती ती तटस्थता मला जमणार नाही. २०२२ साली माझ्या पत्नीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपी, मग रेडिएशन. कोगनोळीहून कोल्हापूरला किती खेपा झाल्या, ते आता आम्ही मोजत नाही. त्या काळात आमच्या घरात 'स्तन' हा शब्द कुणी उच्चारला नाही. भाषा शिकवणारा मीसुद्धा 'छातीची गाठ' म्हणत राहिलो. त्यातून आमचा भाग तंबाखूचा. इथे कॅन्सर म्हटले की तोंडाचाच. "वहिनी मिश्री लावत होत्या काय?" असे मला तिघाचौघांनी विचारले.

पत्नीचे माहेर चिकोडीकडचे, शिक्षण कानडीतले. तिच्या भावाने तिला भारती बी. व्ही. यांचे 'सासिवे तंदवळु' हे पुस्तक आणून दिले. 'सासिवे' म्हणजे मोहरी, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. मोहरी घेऊन आलेली बाई, असा त्या नावाचा अर्थ. लेखिकेने स्वतःच्या स्तनाच्या कर्करोगाची हकिगत त्यात सांगितली आहे. नावामागची किसा गोतमीची कथा आपण जाणतोच. मेलेले मूल उराशी धरून ती बुद्धाकडे गेली. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरची मोहरी आण, असे त्यांनी सांगितले. ती दारोदार फिरली आणि रित्या हाताने परतली.

पुस्तक मिटून पत्नीने विचारले, "गोतमीला मोहरी मिळाली नव्हती. मग हिला कुठं मिळाली?"

आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिलेल्या मला त्या दिवशी काही सुचले नाही.

'झुंज', 'मात', 'विजय' हे शब्द आपल्याकडे आजारावरच्या लेखनात हमखास येतात. मग जी बाई वाचली नाही, ती काय लढली नाही? सुसान सोन्टॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ साली 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' या पुस्तकात ही युद्धाची भाषा नाकारली. तिला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता. पुस्तकात मात्र तिने त्याचा उल्लेखही केला नाही. तिचा युक्तिवाद मला पटतो, ते मौन खटकते. पण मौनाबद्दल मी काय बोलावे!

'रीटा वेलिणकर' लिहिणाऱ्या शांता गोखले यांचे 'वन फूट ऑन द ग्राउंड' हे इंग्रजी आत्मचरित्र २०१९ साली आले. शरीराला धरून त्यांनी आयुष्य सांगितले आहे. टॉन्सिल्स, दात, बाळंतपण, आणि त्याच रांगेत कर्करोगही. रोगाला त्यांनी वेगळा पाट मांडला नाही, ही या पुस्तकाची मोठी गोष्ट. रात्री मी त्यातले थोडे थोडे पत्नीला मराठीत सांगत असे. ती म्हणाली, "बाई फार धीराची आहे. मला एवढं नाही जमायचं." मला हा अभिप्राय महत्त्वाचा वाटतो. लेखिकेच्या त्या समजूतदार, मिस्कील सुरात अपरात्रीची भीती मलाही कमीच ऐकू आली.

ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीच्या 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) मध्ये ती ऐकू येते, संतापासकट. शस्त्रक्रियेनंतर तिने खोटा स्तन लावायचे नाकारले, तेव्हा अशाने दवाखान्यातल्या इतर बायकांचा धीर खचतो, असे तिला परिचारिकेने सुनावले. हा प्रसंग सांगितला त्या रात्री पत्नी काही बोलली नाही. सकाळी तिने कपाटातून चार ब्लाउज काढून दाखवले. डाव्या बाजूला आतून कापूस भरून शिवलेले. शिंप्याकडे जाणे तिने केव्हाच सोडले होते. सहा महिने ती माझ्यासमोर सुई-दोरा घेऊन बसत होती आणि वेळ घालवायला काहीतरी शिवते आहे, असे मी समजत होतो.

मोहरीच्या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या सोप्यात सापडले. भेटायला येणारा जो तो आपल्या नात्यातले एक मरण घेऊन येई. कुणाची मावशी, कुणाची नणंद. चहाची बशी खाली ठेवून शेवटच्या दिवसांचे वर्णन. गोतमीला दारोदार हेच ऐकून शांती मिळाली, आणि हेच ऐकून माझ्या पत्नीची झोप उडाली. गोतमी स्वतः विचारत गेली होती. हिने कुणाला काही विचारले नव्हते. कानडी पुस्तक मात्र तिने आपल्या हाताने उघडले, नको वाटले तेव्हा मिटले, पुन्हा उघडले.

हे मी तिला सांगितले. "असेल," एवढेच ती म्हणाली.

गेल्या महिन्यात तिच्या माहेराहून एका बाईचा फोन आला. तिलाही गाठ निघाली आहे. दोघी अर्धा तास कानडीत बोलत होत्या. फोन ठेवून पत्नी पुस्तकाला कव्हर घालायला बसली.

"अहो, उद्या निपाणीला जाल तेव्हा एवढं कुरिअर करा."

"तिला चालेल का पण? घाबरायची."

"तिनंच मागितलंय," पत्नी म्हणाली.