अमृतानुभवाचे भय कशाला?

माउली, ज्ञानेश्वरीच्या सुमारे 9,000 ओव्यांचे पारायण तुम्ही करता. मग 800 च्या आसपास ओव्यांचा अमृतानुभव फडक्यातच का राहतो? ‘तो पंडितांचा ग्रंथ,’ असे कीर्तनात मीही पुष्कळदा सांगितले. भय माझे होते. ते श्रोत्यांच्या माथी मारले, ही माझी चूक.

ग्रंथ कठीण आहे, हे खरे. पण दहाही प्रकरणे सारखी कठीण नाहीत. अज्ञानखंडनाचे सातवे प्रकरण सर्वांत मोठे. तिथे पूर्वपक्ष कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झाले, हे पाहिले नाही तर वाट चुकते. म्हणून आरंभ पहिल्यापासून करा. सुरुवातीचे संस्कृत श्लोक पाहून थबकू नका. शिव आणि शक्ती दोन दिसून एक कसे, हे सांगायला ज्ञानोबाराय काय घेतात? गूळ आणि त्याची गोडी, कापूर आणि त्याचा सुवास, दोन डोळ्यांची एकच दृष्टी. यातले तुमच्या घरात काय नाही?

रोज पाचच ओव्या मोठ्याने वाचा. अर्थ लागला नाही तर खूण करून पुढे चला. पुढचा दृष्टान्त पुष्कळदा मागची गाठ सोडवतो. पंढरीची वाट आपण एका दिवसात चालतो का? मुक्काम करीतच पोहोचतो.