पटावरचा विचार आणि पडद्यावरचा हात : विदित गुजराथी यांच्या ऑनलाइन खेळाची चिकित्सा

बुद्धिबळात शैली म्हणून काही वस्तू असते काय, हा वाद जुना आहे. एखाद्या स्थितीत सर्वोत्तम चाल एकच असेल, तर ती कोणी खेळली याला महत्त्व राहत नाही, असे एक पक्ष म्हणतो. परंतु प्रत्यक्ष डावात सर्वोत्तम चाल नेहमी सापडत नाही. ती शोधण्यासाठी मिळालेला वेळ मोजका असतो, आणि तो कोठे खर्चावा व कोठे राखावा याचा निर्णय ज्याचा त्याला करावा लागतो. या निर्णयांच्या मालिकेतच खेळाडूची शैली दिसते. हे मान्य केले, म्हणजे वेळेचे माप बदलताच शैलीचाही कस नव्याने लागणार हे ओघानेच येते. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्या संगणकावरील खेळाविषयी त्यांचे चाहते जो प्रश्न वारंवार करतात, की हा खेळ कसा सुधारावा, त्याचा विचार या दिशेने होणे अगत्याचे आहे. केवळ ‘वेग वाढवावा’ असे उत्तर देणे सोपे आहे. ते पुरेसे मात्र नाही.

गुजराथी यांचा जन्म १९९४ चा. २००८ मध्ये ते चौदा वर्षांखालील गटाचे जगज्जेते झाले, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाले आणि २०१७ मध्ये त्यांनी २७०० गुणांकनाची मर्यादा ओलांडली. २०१९ मध्ये बील येथील स्पर्धा त्यांनी जिंकली. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिल्याच फेरीत एर्विन लामी याच्याकडून हार पत्करल्यावर पुढील दहा डावांत साडेआठ गुण मिळवून त्यांनी प्रथम क्रमांक पटकावला. या शेवटच्या घटनेत त्यांच्या प्रकृतीचे मर्म आहे. पहिला घाव बसल्यावर चवताळून उठणारा हा खेळाडू नव्हे. स्थिती घट्ट करीत जाणे, घरून आणलेल्या अभ्यासाच्या बळावर प्रतिपक्षाला अनोळखी प्रदेशात नेणे आणि तेथे त्याच्यापेक्षा अधिक अचूक विचार करणे, ही त्यांची रीत. २०२४ साली टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी हिकारू नाकामुराच्या राजाच्या बाजूचे एच ३ वरील प्यादे उंट देऊन उचलले, तेही या रीतीचेच फळ होते. बाहेरून साहस वाटणारी ती चाल वास्तविक अभ्यासिकेत सिद्ध झालेली होती. त्या पराभवाने नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका खंडित झाली. नवव्या फेरीत गुजराथींनी त्यालाच पुन्हा हरविले.

येथे एक विलक्षण विरोध नजरेस येतो. हाच नाकामुरा संगणकावरील अतिजलद खेळाचा मातब्बर मानला जातो. २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे स्पीड चेस स्पर्धेचे विजेतेपद त्याच्याकडे होते. ज्याला लाकडी पटावर एकाच स्पर्धेत दोनदा नमविता येते, त्याचे पडद्यावरील सामर्थ्य गुजराथींच्या ठायी का दिसू नये? बुद्धीत उणीव आहे असे तर कोणी म्हणणार नाही. उत्तर गणिताकडे मागावे लागते. टोरांटोत पहिल्या चाळीस चालींसाठी १२० मिनिटे होती, म्हणजे चालीमागे सरासरी तीन मिनिटे. पंधरा मिनिटे व चालीगणिक पाच वाढीव सेकंद अशा जलद डावात चाळीस चालींचा हिशेब केला तर सरासरी साडेसत्तावीस सेकंद पडतात. तीन मिनिटांच्या वाढीव सेकंदरहित डावात ती साडेचार सेकंदांवर येते. साडेचार सेकंदांत विचार होत नाही, ओळख होते. स्थितीचा चेहरा पाहून पूर्वपरिचयाने चाल सुचते, आणि ती खेळावयाची की नाही एवढेच ठरविण्यास अवसर उरतो. म्हणून ज्याची शक्ती तीन मिनिटांच्या विचारात आहे त्याला साडेचार सेकंदांच्या मापाने तोलणे म्हणजे विहिरीवरच्या मोटेने पाणी किती निघते ते घागर बुडवून ठरविण्यासारखे आहे.

तथापि एवढ्यावर विषय सोडून देता येत नाही. कारण मधले माप, म्हणजे पंधरा मिनिटांचे, हे विचाराला पूर्ण पारखे नाही. आणि गुजराथींच्या ऑनलाइन कारकिर्दीतील सर्वांत मोठा प्रसंग याच मापाचा आहे. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये ते भारतीय संघाचे कर्णधार होते. विश्वनाथन आनंद, कोनेरू हम्पी, द्रोणवल्ली हरिका यांच्यासारखे ज्येष्ठ आणि निहाल सरीन, प्रज्ञानंद, नागपूरची दिव्या देशमुख यांच्यासारखी कोवळी मुले अशा मिश्र संघाचे नेतृत्व त्यांनी केले. सहा पट, प्रत्येक खेळाडू आपापल्या घरी, मध्ये केवळ तारांचे जाळे. उपान्त्य सामन्यात पोलंडविरुद्ध पहिली लढत गमावून दुसरी जिंकली गेली, आणि अखेरचा निर्णायक डाव हम्पीने जिंकला. ३० ऑगस्ट २०२० रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्याची पहिली लढत ३–३ अशी सुटली. दुसऱ्या लढतीत निहाल सरीन व दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि दोघांचेही डाव वेळेवर गेले. त्या दिवशी जगभर आंतरजालाच्या एका मोठ्या वाहिनीत बिघाड झाला होता. भारताने दाद मागितली आणि जागतिक महासंघाने दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित केले.

हा निर्णय उदार होता. पण चिकित्सकाने त्याच स्पर्धेतील आधीचे पानही उलटले पाहिजे. उपान्त्यपूर्व सामन्यात आर्मेनियाच्या हाइक मार्टिरोस्यानचा निहालविरुद्धच्या डावात असाच संपर्क तुटला होता. तो डाव भारताच्या पदरी पडला, आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले आणि तो संघ दुसरी लढत न खेळता बाहेर पडला. एकाच स्पर्धेत एकच आपत्ती एकदा दुर्दैव ठरली आणि एकदा दुर्लक्षणीय. दोन्ही प्रसंगांत फरक होता हे खरे, कारण दुसरा बिघाड कोणा एका घरातील नव्हता. तरीही पडद्यावरील यशापयशात खेळाडूच्या हाताबाहेरचा अंश किती, याचे मोजमाप केल्याशिवाय तेथील शैलीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, एवढे यावरून सिद्ध होते.

आता खेळाडूच्या हातातील अंशाकडे वळावे. येथे समीक्षकाला पूर्वी कधी नव्हते असे साधन लाभले आहे. जुन्या डावांची टिपणे चाली सांगतात, वेळ सांगत नाहीत. ऑनलाइन डावाच्या नोंदीत प्रत्येक चालीला लागलेले सेकंद उतरलेले असतात. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे, तेथे अस्सल कागदाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ही नोंद म्हणजे बुद्धिबळाचा अस्सल कागद होय. खेळाडूने डावानंतर ‘वेळ कमी पडला’ असे म्हणावे आणि कागदाने दाखवावे की वेळ कमी पडला नव्हता, तो अकराव्या चालीवर सांडला होता.

विचारप्रधान खेळाडूंचा वेळ बहुधा सांडतो तो कठीण स्थितीत नव्हे, तर समान मोलाच्या दोन चालींमध्ये. हत्ती डी स्तंभावर आणावा की ई स्तंभावर, या प्रश्नावर लाकडी पटावर दहा मिनिटे घालविणे क्षम्य आहे. कारण त्या दहा मिनिटांत पुढील सहा चालींचा आराखडाही तयार होतो. पडद्यावर तेच एक मिनिट घातक ठरते. गुजराथींच्या घडणीचा खेळाडू, ज्याची सवय उत्तम आणि केवळ चांगले यांत भेद करण्याची आहे, तो या मोहाला अधिक बळी पडणार हे उघड आहे. तेव्हा त्याच्या सुधारणेचा पहिला भाग त्यागाचा आहे. चांगली चाल दिसली आणि धोका दिसला नाही, तर उत्तमाचा शोध सोडून द्यावयाचा. दीर्घ विचार एका डावात दोनदाच करावयाचा : मोहऱ्यांची मोठी मारामारी होऊन स्थितीचे स्वरूप बदलणार असेल तेव्हा, आणि राजावर प्रत्यक्ष आघात येत असेल तेव्हा.

दुसरी गोष्ट आरंभाच्या चालींची. ज्याची अभ्यासिका मोठी, त्याला निवडीचा भारही मोठा. लाकडी पटावर या वैविध्याने प्रतिपक्षाची तयारी फुकट जाते. जलद ऑनलाइन खेळात प्रतिपक्षाने विशेष तयारी केलेलीच नसते, आणि वैविध्याचा बोजा उलट स्वतःच्याच स्मृतीवर पडतो. तेथे दोन-तीन मोजक्या मांडण्या, ज्यांतील डावपेच हाताला पाठ आहेत, अधिक उपयोगी. नाकामुरासारखे अतिजलद खेळणारे कित्येकदा शास्त्रदृष्ट्या दुय्यम मांडण्या निवडतात, याला अभिरुचीचा दोष म्हणणे अन्यायाचे आहे. ती वेळेची बचत आहे. शेवटच्या टप्प्याविषयीही असेच. प्रतिपक्षाची चाल येण्यापूर्वीच आपली चाल नोंदवून ठेवण्याची सोय पडद्यावर आहे, आणि सक्तीच्या प्रत्युत्तरांत ती वापरली नाही तर काही सेकंद विनाकारण जातात. पण सक्ती नसताना ती वापरली तर अख्खा वजीर जातो. हा विवेक सरावानेच येतो आणि त्याचा बुद्धिबळाच्या खोल ज्ञानाशी फारसा संबंध नाही, हे कबूल केलेले बरे.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. महाराष्ट्रात देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत तेव्हा मात कशाने झाली याला मोल होते. प्याद्याने केलेली मात विशेष गौरवाची मानीत आणि ‘बुर्जी’ झाली तर पूर्ण विजयाचे समाधान मिळत नसे. घड्याळाने मिळविलेल्या विजयाला त्या मंडळींनी कोणत्या खणात ठेवले असते, कोण जाणे.

गुजराथींच्या ऑनलाइन खेळाला आणखी एक बाजू आहे आणि तिची गल्लत स्पर्धेशी होऊ देता कामा नये. २०२० च्या टाळेबंदीत विनोदकार समय रैना यांच्यासमवेत त्यांनी प्रेक्षकांसमोर बोलत-बोलत डाव खेळण्यास आरंभ केला आणि बुद्धिबळाकडे कधी न फिरकलेला मोठा तरुण वर्ग या खेळाकडे वळला. ज्या खेळात मौन हाच शिष्टाचार, तेथे विचार उघड्यावर मांडण्याचे हे कार्य मराठी कीर्तनपरंपरेला परके वाटू नये. परंतु बोलणारा खेळाडू दोन कामे करीत असतो. त्या डावांतील चुकांवरून त्याच्या शैलीचे अनुमान करणारे टीकाकार निरूपणाच्या ओघात बुवांचा ताल चुकला म्हणून गायनाची परीक्षा घेणाऱ्यांसारखे आहेत. सुधारणा हवी असेल तर ती एवढीच, की बोलण्याचे डाव आणि सरावाचे डाव निराळे ठेवावेत.

हा सर्व प्रपंच खानदेशाला दूरचा नाही. नाशिकहून आग्रा मार्गाने निघालेल्या माणसाला धुळे अर्ध्या दिवसाच्या आत लागते. परंतु ग्रँडमास्टरच्या तोडीचा प्रतिस्पर्धी शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या मुलाला रोज समोरासमोर मिळणे शक्य नाही. जळगावात जैन स्पोर्ट्स अकॅडमीच्या आश्रयाने स्पर्धा भरत आल्या आहेत, तरी वर्षाचे बाकीचे दिवस उरतातच. ते दिवस मुले पडद्यावर काढतात, आणि तेथे बहुधा तीन मिनिटांचे, किंबहुना एका मिनिटाचे डाव खेळतात. गुजराथींना पडद्यावर जे शिकणे अवघड जाते ते या मुलांना सहज येते. उलट गुजराथींजवळ जे आहे, म्हणजे तीन मिनिटे एका स्थितीत थांबण्याची ताकद, ती या सरावाने कधीच येणार नाही. प्रौढ खेळाडूने पडद्यासाठी काय टाकावे हा एक प्रश्न आणि शिकाऊ मुलाने पडद्यावर काय कमवावे हा दुसरा, आणि दोहोंची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. मुलाला पंधरा मिनिटांचे, वाढीव सेकंदांचे डाव द्यावेत. एका मिनिटाचे सणावारी. प्रत्येक डावानंतर यंत्राचे मूल्यमापन उघडण्यापूर्वी सेकंदांची नोंद वाचावयास लावावी, आणि जेथे सर्वांत अधिक वेळ गेला त्या चालीपाशी पट मांडून, लाकडी पट, त्या वेळी मनात काय होते ते वहीत लिहावयास सांगावे. वीज जाण्याची व संपर्क तुटण्याची शक्यता गृहीत धरून भारित बॅटरी आणि दुसरी जोडणी हाताशी ठेवावी, हेही सरावाचाच भाग समजावे. असे वीस डाव झाले म्हणजे वहीची पाने चाळून पाहावीत : विचार कठीण स्थितीत गेला, की दोन सारख्या चालींच्या मध्ये.