पालखेडची कोंडी आणि महिन्याचे ५ टक्के

मॉडेल तपासायला शिकायचं असेल तर ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा संगणकावरचा खेळ कामाचा आहे, कारण त्यातले नियम बरेचसे उघड असतात. १४४४ ते १८२१ या काळातलं एखादं राज्य तुम्ही चालवता. प्रत्येक प्रांताला रसदेची मर्यादा असते. समजा ती २० तुकड्यांची आहे आणि तुम्ही हजार-हजार माणसांच्या ३० तुकड्या तिथे नेल्या, तर लढाई न होताही दर महिन्याला काही टक्के माणसं कमी होतात. खेळात याला ‘ॲट्रिशन’ म्हणतात; आपण झीज म्हणू.

यातला एक भाग मला पटतो. फौज जितकी मोठी तितकं तिला पोसणं अवघड, हे खेळाडूला कुणी सांगावं लागत नाही. तो आपोआप सैन्य विभागून चालवतो आणि लढाईपुरतं एकत्र आणतो.

आता यात पालखेड बसवून बघा. (वैजापूरजवळचं. धरणाचं पालखेड नाशिककडे.) निजाम-उल-मुल्क पुण्यापर्यंत आला होता. थोरले बाजीराव पुणे सोडवायला धावले नाहीत. खानदेश, गुजरात फिरून त्यांनी औरंगाबादला धोका निर्माण केला. निजाम घाईनं परत फिरला, जड तोफा मागे राहिल्या. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस मराठी घोडदळानं त्याला पालखेडजवळ घेरून पाणी आणि धान्य तोडलं. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला, चौथ-सरदेशमुखी मान्य झाली. ही मुंगी आम्हा पाचोडकरांना परकी नाही, पैठणकडून गोदावरी ओलांडली की आलीच.

म्हणजे मोठी मैदानी लढाई न होता काही दिवसांत विषय संपला. खेळातली झीज मात्र महिन्याच्या हिशेबानं लागते आणि सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांवर थांबते. २० हजारांच्या फौजेतून फार तर १ हजार जातील. उरलेल्या १९ हजारांना घेऊन निजाम खुशाल पुढे चालू लागेल!

मग टक्का वाढवायचा का? बरेच जण हेच सुचवतात, आणि इथेच तुम्ही सावध व्हायला हवं. खेळात टंचाई हा प्रांताचा गुण आहे. पालखेडला ती शत्रूनं तयार केली होती. त्यातून दोन शत्रू फौजा एका प्रांतात आल्या की खेळ सरळ लढाई लावतो. किल्ल्याला वेढा पडतो, पण उघड्यावरच्या फौजेला घेरून बसायची सोयच नाही. बैलांवर धान्य लादून छावण्यांना पुरवणारे बंजारेही नाहीत, मग वाट तोडणार कुणाची? शिवाय खेळ मोजतो ती घटलेली माणसं. पालखेडला निजामाची माणसं होती, फक्त त्यांना लढणं शक्य नव्हतं.

शतकं चालवणाऱ्या खेळानं महिन्याचं घड्याळ वापरलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पानिपतावर ते बरं जुळतंही, कारण तिथली कोंडी १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत चालली. पण तिथेही भाऊसाहेबांची फौज शेवटी बाहेर पडली ती उपासमार असह्य झाल्यामुळे. खेळात तसं बाहेर पडायची सक्ती कुणावरच येत नाही, दर महिन्याला आकडा तेवढा थोडा खाली सरकतो.