बेंजोवर राग, पण नेमका कशाचा?

जामनेरच्या वरातीत बेंजो वाजला की आमची मित्रमंडळी घाम निघेपर्यंत नाचते. आणि दुसऱ्या दिवशी तीच म्हणते, ‘या विजेने लोकसंगीताची वाट लावली.’ मीही म्हणायचो. पुरावा मात्र कधी शोधला नाही.

बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, ज्या ताइशोगोतोवरून आला तो १९१२ मध्ये जपानच्या नागोयात बनला. तेव्हा ‘अस्सल’ शब्द जपूनच वापरा.

आता ऐका. कानबाईच्या गाण्यात बायांचा आवाज स्वरावरून स्वरावर घसरत जातो. बेंजोत ते नीट उतरत नाही, ही तक्रार खरी आहे. पण दोष कुणाचा? पिकअप फक्त तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलतं. स्वर ठरवतात बटणं. ती तार ठरलेल्या जागीच दाबतात. वीज काढली तरी उणीव तशीच राहणार!

२५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टमध्ये बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि हुर्यो उडाली. कारण गिटार, खराब आवाज की थोडकीच गाणी? वाद अजून चालू आहे.

तुमच्या प्रयोगातही असंच होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर निकालाचं श्रेय कुणालाच देऊ नका. आणि बेंजोवाल्याला दोष देण्याआधी एकदा त्याची बटणं बघा.