वायरचं दुसरं टोक



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन-तीन फोन आले. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. लॅपटॉपच्या पोर्टवर तासभर काय बोलणार?" शंका रास्त आहे. आम्हाला यंत्र उघडता येत नाही, दुरुस्त करणं तर दूरच. पण एखादी वस्तू अशीच का घडवली, ती घडवताना कुणाची सोय पाहिली आणि कुणाची गैरसोय चालेल असं मानलं, हे विचारायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. ती वस्तू रोज वापरणारा माणूस ते विचारू शकतो. त्याच अधिकारात आज बोलतो आहोत.

सुरुवात एका प्रसंगाने करू. एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचं चर्चासत्र होतं आणि आम्ही परीक्षक होतो. सभागृहातला संगणक ऐनवेळी बंद पडला. आमच्या पिशवीत नवा लॅपटॉप होता. छान पातळ, हलका. आम्ही मोठ्या औदार्याने तो पुढे केला. त्याला डाव्या बाजूला दोन सारखी पोर्टं, उजवीकडे हेडफोनचं भोक, संपलं. प्रोजेक्टरची वायर व्हीजीएची. प्रयोगशाळा सहायकाने कुठून तरी अॅडाप्टर आणला. पहिल्या पोर्टात तो अगदी नीट बसला आणि पडदा काळाच राहिला. दुसऱ्या पोर्टात घातला, तर चित्र आलं. दोन्ही पोर्टं दिसायला जुळी, पण एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून जात नाही. हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

मग पहिली विद्यार्थिनी उठली. तिच्या हातात पेनड्राइव्ह. तो घालायला आमच्या लॅपटॉपला जागाच नव्हती. आता इथे बसलेली तरुण मंडळी मनातल्या मनात चार उपाय सांगत असतील. होते, उपाय होते. पण दहा मिनिटांत ते कुणाला सुचले नाहीत. त्या मुलीने आलेख न दाखवता नुसतं वाचून दाखवलं. खाली उतरल्यावर ती आम्हाला म्हणाली, "सर, माझ्या पेनड्राइव्हमध्ये काय चूक होती?"

हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेलेला नाही. पेनड्राइव्ह चांगला होता आणि तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तरी चूक आपलीच असणार, असं तिला वाटलं. डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर १९८८ साली एक पुस्तक लिहिलं. वस्तू वाईट घडवलेली असते आणि वापरणारा स्वतःला दोष देतो, हे त्यात त्यांनी फार नेमकं दाखवलं आहे. हेच नॉर्मन पुढे अॅपल कंपनीत कामाला होते, आणि आज आम्हाला ज्या कंपनीबद्दल बरंच बोलायचं आहे ती हीच. (हशा)

आता दुसरी बाजू. ती नीट मांडल्याशिवाय टीका करणं हा आमच्या शास्त्रात दोष मानतात, आधी पूर्वपक्ष मांडायचा असतो. तर पूर्वपक्ष असा. जुनी पोर्टं काढली म्हणून ओरडणारे लोक नेहमीच असतात आणि नेहमीच खोटे ठरतात. १९९८ साली अॅपलच्या आयमॅकमधून फ्लॉपी गेली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! आज फ्लॉपीसाठी कोण रडतं? २००८ साली मॅकबुक एअर आला. त्यात सीडी नाही, नेटची वायर लावायला जागा नाही, यूएसबी एकच. तीही पद्धत रुळली. शिवाय यूएसबी-सी ही चीज खरोखर चांगली आहे. कशीही घाला, उलटसुलट होत नाही. एकाच वायरने वीज जाते, माहिती जाते, चित्र जातं. चार चार्जर सांभाळण्याची कटकट संपते. आणि वजन? सत्तरीच्या खांद्याला अर्धा किलो कमी होण्याची किंमत विचारा.

हे सगळं आम्हाला मान्य आहे. मग तक्रार कसली?

न्याय-वैशेषिकांनी 'संयोग' या गुणाचा विचार केला आहे. दोन वेगळ्या वस्तू एकत्र येतात तो संयोग. त्याचं वैशिष्ट्य असं की तो एकाच वस्तूत राहत नाही, दोन्हींत मिळून राहतो. हात आणि पुस्तक यांचा संयोग एकट्या हाताचा नसतो, एकट्या पुस्तकाचाही नसतो. पोर्ट म्हणजे अर्धा संयोग. लॅपटॉपच्या कडेला तुम्हाला दिसतो तो अर्धा भाग, उरलेला अर्धा वायरच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिथे प्रोजेक्टर, कॅमेरा, छपाईयंत्र, कुणाचा तरी पेनड्राइव्ह. म्हणून एखादं पोर्ट ठेवावं की काढावं, याचं उत्तर नुसतं लॅपटॉपकडे बघून देता येत नाही. दुसऱ्या टोकाला काय आहे आणि ते कुणाचं आहे, हे पाहावं लागतं.

या कसोटीवर १९९८ चा निर्णय तपासू. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचे आणि लोकांच्या फाइली त्याच्या पुढे निघाल्या होत्या. जुन्या जोडण्यांना यंत्र बंद करून वायर लावावी लागे. यूएसबी चालू यंत्राला लावता येत होती. म्हणजे जे काढलं त्याहून सरस काही त्याच यंत्रात दिलं होतं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. आयमॅक हा टेबलावरचा संगणक. त्याच्या वायरींची दुसरी टोकं त्याच टेबलावर, त्याच मालकाची. लोकांना त्रास झाला, पण एकदा अॅडाप्टर आणून जोडला की प्रश्न मिटला. लॅपटॉपचं तसं नाही. तो घराबाहेर पडतो, अनोळखी सभागृहात जातो आणि परक्याच्या वायरला भेटतो. ती वायर बदलणं मालकाच्या हातात नसतं. टेबलावरच्या यंत्राला लागू पडलेला न्याय प्रवासी यंत्राला जसाच्या तसा लावला, तिथे चूक झाली.

ती चूक ठळकपणे दिसली २०१६ साली. त्या ऑक्टोबरात आलेल्या मॅकबुक प्रोमधून जुनी यूएसबी गेली, एचडीएमआय गेलं, कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच गेली. उरली ती दोन किंवा चार यूएसबी-सी आकाराची पोर्टं आणि हेडफोन. लक्षात घ्या, हे यंत्र छायाचित्रकार, चित्रपट संकलक अशा लोकांसाठी होतं. त्यांच्या कॅमेऱ्यात कार्ड होतं आणि त्यांच्या खोलीतल्या पडद्याला एचडीएमआय. दुसरी टोकं जिवंत होती. त्याच नोव्हेंबरात कंपनीने स्वतःच्या अॅडाप्टरच्या किमती काही आठवड्यांसाठी उतरवल्या. टीकाकारांच्या बोलण्यात तथ्य असल्याची ती कबुलीच होती. यंत्राची जाडी कमी झाली खरी, पण ती गेली कुठे? पिशवीच्या कप्प्यात गेली, डोंगल होऊन. वजनाच्या आकड्यात डोंगल मोजत नाहीत, एवढंच.

त्याच यंत्राने मॅगसेफ काढलं. २००६ पासून चाललेली ती चुंबकी जोडणी. वायरीत पाय अडकला तर प्लग अलगद सुटायचा, लॅपटॉप खाली यायचा नाही. स्वयंपाकाच्या विजेच्या उपकरणांना जपानात असे प्लग आधीपासून होते. माणूस धांदरट असतो हे गृहीत धरून केलेली ती रचना होती, म्हणून आम्हाला ती फार आवडे. तसंच कळफलकाचं. वरच्या ओळीतल्या खऱ्या कळा जाऊन बोटाने स्पर्श करायची चकाकती पट्टी आली. कळ बोटाला न बघता सापडते, पट्टी बघावी लागते. हायडेगरने १९२७ च्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण घेतलं आहे. काम नीट चाललेलं असतं तेव्हा हातोडा आपल्याला जाणवतही नाही, तो मोडला की मात्र डोळ्यांसमोर येतो. चांगलं अवजार असं विसरता आलं पाहिजे. ती पट्टी विसरू देत नव्हती.

पुढे काय झालं? २०१९ च्या सोळा इंची यंत्रात एस्केपची खरी कळ परत आली. २०२१ साली चौदा आणि सोळा इंची यंत्रांत एचडीएमआय परत आलं, कार्डाची खाच परत आली, मॅगसेफ परत आलं, पट्टी गेली. पाच वर्षांनी का होईना, चूक सुधारली. याबद्दल त्यांचं कौतुकच करू. जुनी यूएसबी मात्र परत आली नाही, म्हणजे त्या मुलीचा पेनड्राइव्ह अजून बाहेरच आहे. आणि दोष एकाच कंपनीचा मानायचं कारण नाही. डेलने २०२२ साली एक्सपीएस १३ प्लसमध्ये वरच्या कळांच्या जागी स्पर्शाची ओळ आणली आणि हेडफोनचं भोकही काढून टाकलं. एकाने सोडलेलं दुसऱ्याने उचललं! (हशा)

आता आमच्या तक्रारीचा दुसरा भाग. आमच्या मते हाच अधिक गंभीर आहे आणि पोर्टांच्या वादात त्याच्याकडे कमी लक्ष जातं. आमचा तो काळा पडदा आठवा. जुन्या संगणकाच्या पाठीमागे बघितलं की कळायचं. गोल जांभळी पिन कीबोर्डची, गोल हिरवी माऊसची, निळ्या रंगाची पंधरा पिनांची पडद्याची. आकार आणि रंग हेच ज्ञान होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर पोर्टाचं सामर्थ्य प्रत्यक्ष प्रमाणाने कळत होतं. यूएसबी-सीचा आकार मात्र सगळीकडे एक आणि सामर्थ्य जागोजागी वेगळं. एक पोर्ट सेकंदाला ४८० मेगाबिट नेतं, तसंच दिसणारं दुसरं ४० गिगाबिट. एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून नाही. वायरींचंही तेच, चार्जिंगची वायर आणि वेगवान वायर शेजारी ठेवा, ओळखून दाखवा. म्हणजे प्रत्यक्ष गेलं, उरलं शब्दप्रमाण. माहितीपत्रकात काय लिहिलंय ते वाचा आणि विश्वास ठेवा. शब्दप्रमाणाला आमची हरकत नाही, पण तिथे एक अट असते. सांगणारा आप्त असावा लागतो, यथार्थ जाणणारा आणि यथार्थ सांगणारा. इथे सांगणारे कसे आहेत? २००८ साली यूएसबी ३.० आलं. त्याच वेगाला पुढे ३.१ जेन १ म्हटलं, नंतर ३.२ जेन १ म्हटलं. वेग तोच, पाच गिगाबिट. एकाच माणसाचं तीनदा बारसं! पुढे त्या संघटनेने खोक्यावर नुसता वेग लिहायची पद्धत आणली, ते बरं केलं. पण पोर्टाच्या शेजारी काही न छापणारी यंत्रं आजही पुष्कळ आहेत.

इथे एका माणसाची आठवण काढली पाहिजे. यूएसबी ज्यांच्या नेतृत्वाखाली घडली ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आपल्या मराठी माणसांना बडोदं परकं नाही. ती पहिली यूएसबी तिसऱ्यांदा फिरवल्यावरच आत जाते, असा विनोद सगळ्या जगाने केला. भट्ट यांनी त्याचं कारण सांगितलं आहे. दोन्हीकडून बसणारी केली असती तर वायरी आणि सर्किटं दुप्पट लागली असती, खर्चही दुप्पट झाला असता. त्यांना ती स्वस्त ठेवायची होती, सगळ्यांनी स्वीकारावी म्हणून. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं टोक होतं. गैरसोय राहिली, पण तिचं कारण वापरणाऱ्यांच्या बाजूचं होतं. आम्ही रचनेतला दोष आणि रचनेतली उपेक्षा यांत फरक करतो तो असा.

युरोपीय संघाने कायदा करून चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीची केली. फोन वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. आम्ही त्याचं स्वागत करतो. चार्जर किती शक्तीचा हवा हे खोक्यावर दाखवण्याचीही त्यात अट आहे. पण तो कायदा चार्जिंगपुरता आहे. कोणत्या भोकातून चित्र जातं, हे सांगायला तो तुम्हाला बांधील नाही.

मग आमची मागणी काय? जुनं सगळं ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. व्हीजीए १९८७ चं आहे. इंटेल, एएमडी आणि इतर कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरात ते २०१५ पर्यंत थांबवण्याचं जाहीर केलं होतं. जाहीर केल्याने तालुक्याच्या भिंतीवरचा प्रोजेक्टर बदलत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तरीही व्हीजीएसाठी अॅडाप्टर बाळगायला आम्ही तयार आहोत. पण एक जुनी यूएसबी, एक एचडीएमआय, हेडफोनचं भोक आणि दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी-सी, एवढं साध्या घरच्या, कॉलेजच्या लॅपटॉपला असावं. प्रत्येक पोर्टाशेजारी ते काय करतं याची खूण असावी. हे अशक्य नाही. मध्यम किमतीच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये यातलं बहुतेक मिळतं, ते थोडे जाड असतात इतकंच. २०२१ साली फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीने लॅपटॉप काढला, त्यात पोर्टंच काढता-घालता येतात. आज एचडीएमआय बसवा, उद्या काढून यूएसबी बसवा. आत मुळात यूएसबी-सीच आहे, पण निर्णय मालकाचा आहे.

आणि एक साधा व्यवहार. नवा लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा घरातला सगळ्यात जुना पेनड्राइव्ह आणि टीव्हीची वायर बरोबर न्या. दुकानातच लावून बघा. दोन सारखी पोर्टं असतील तर दोन्हींत लावून बघा, एकावर समाधान मानू नका. विक्रेता "सर, आता हे कुणी वापरत नाही" म्हणेल. त्याला सांगा, आम्ही वापरत नसू, पण ज्यांच्याकडे आम्ही जातो ते वापरतात.

त्या मुलीला आम्ही काय उत्तर दिलं, ते सांगून थांबतो. तिला म्हणालो, "बाळ, तुझ्या पेनड्राइव्हमध्ये काही चूक नव्हती. चूक आमच्या लॅपटॉपची होती, आणि तो न बघता विकत घेणाऱ्या आमची." तिने आलेख कागदावर काढून दुपारी आणून दाखवले. आम्ही ते पाहूनच गुण दिले.