‘गुणसुंदरी’ : एका नष्ट मूकपटाचा विचार

जी कृती आज पाहावयास मिळत नाही, तिची समीक्षा कशी करावी, असा प्रश्न कोणीही विचारील. तरीही चंदूलाल शहा यांनी १९२७ मध्ये कोहिनूर फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘गुणसुंदरी’चा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांची फीत ज्वालाग्राही व नाशवंत. आणि पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर बहुतेक ठेवा नाहीसा झाला होता. ‘गुणसुंदरी’ही त्यातच गेली.

कथानक मात्र ज्ञात आहे. पत्नी (मिस गोहर) गृहकृत्यांत गढलेली. तिचा सहवास न लाभल्याने पती नर्तकीच्या नादी लागतो. येथवर सारे परिचित आहे. पुढे मात्र ही पत्नी अश्रू ढाळीत बसत नाही. तीही नटूनथटून घराबाहेर पडू लागते आणि पतीने जाब विचारताच त्याचेच उत्तर त्यास परत करते.

गोवर्धनराम त्रिपाठींच्या ‘सरस्वतीचंद्र’मुळे गुणसुंदरी हे नाव गुजराती वाचकांस एकत्र कुटुंबासाठी झिजणाऱ्या गृहिणीचे म्हणून ठाऊक होते. त्याच नावाच्या स्त्रीस शहांनी उंबरठ्याबाहेर नेले. गडकऱ्यांची सिंधू (१९१९) सोसून मरते. ‘कुंकू’मधील नीरा (१९३७) लादलेला विवाहच मानीत नाही. या दोघींमधली पायरी म्हणजे गुणसुंदरी होय.

परंतु तिचे बंड कितपत खरे? ‘पती का बहकतात’ अशा अर्थाचे एक इंग्रजी नावही या पटास होते. त्यातील प्रश्न पतीच्या बाजूने विचारलेला आहे. चूक त्याची, पण बदलावयाचे तिने! हा कथेचा दुबळेपणा आम्ही नाकारीत नाही. मात्र मूकपटात निवाडा कथानक करीत नाही, मुद्रा करते. उंबरठा ओलांडताना गोहरच्या मुखावर पतीस परत आणण्याची युक्ती होती, की स्वत्वाची जाणीव? सारा अर्थ तेथे साठला होता, आणि नेमके तेच आज हरपले आहे. शहांनी १९३४ मध्ये गोहरलाच घेऊन ही कथा बोलपटात पुन्हा मांडली. पण शब्द लाभलेली स्त्री निराळी असते.

आमच्या मोहगावी अर्धनारीश्वराचे देवस्थान आहे. त्या मूर्तीत जे अर्धे-अर्धे आहे, ते संसारात क्वचितच तसे असते. वर्गात सिंधू शिकविताना शिक्षकांनी या हरवलेल्या भगिनीचाही उल्लेख अवश्य करावा. सोसणे हाच आपल्या साहित्य-कलेतील पत्नीचा एकमेव धर्म नव्हता, हे विद्यार्थ्यांस कळणे अगत्याचे आहे.